अपडाऊनमधली भूक

पहाटे पावणेपाच

एप्रिल संपत आला की पाचोऱ्यात स्वयंपाक अंधारातच उरकावा लागतो. सात वाजल्यानंतर ओट्यापाशी उभं राहवत नाही. मुलगी आठ महिन्यांची आहे. पहाटेचं पिऊन ती पुन्हा झोपते आणि मला भुकेनं जाग येते. दिवसभरातली खरी भूक हीच. पुढे ऊन चढलं की भूक मरते, अंगाची गरज मात्र तेवढीच राहते. म्हणून चहाचं आधण ठेवायच्या आधी मी खाऊन घेते. डब्यात रात्रीची कळण्याची भाकरी असते. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची भाकरी शिळी झाली की जास्तच चवदार लागते. तिच्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल आणि चिमूटभर ठेचा घेते आणि उभ्याउभ्याच संपवते.

सासूबाईंना हे पटत नाही. "बाळंतिणीनं शिळं खाऊ नये," त्या म्हणतात. मी म्हणते, "आई, आठ महिन्यांची बाळंतीण कुठं असते?"

गंमत अशी की सव्वा महिना मी खरोखर बाळंतीण होते. तेव्हा घरात माझ्यासाठी वेगळा डबा होता. त्यात डिंक-खारीक-खोबऱ्याचे लाडू, मेथीचे लाडू. शिवाय हाळिवाची खीर, बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार, शेपूची भाजी, आणि जेवणानंतर तळहातावर भाजलेला बाळंतशेपा, ओवा, तीळ. कुणी कसला आकडा मोजत नव्हतं, पण जे पोटात जायला हवं ते जात होतं. सव्वा महिना झाला, न्हाणं झालं, ओटी भरली आणि तो डबा धुऊन फळीवर गेला. मी पुन्हा सून झाले. मुलीचं पिणं मात्र त्यानंतरच वाढत गेलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये भारतीयांच्या आहाराची नवी प्रमाणं दिली. त्यानुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. गरोदरपणी त्यात ३५० ची भर घालायची. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० जास्त हव्यात. म्हणजे "दोन जिवांची आहेस, खा गं" असा आग्रह सगळे करतात तेव्हापेक्षा, कुणीच आग्रह करत नाही तेव्हाची गरज मोठी असते. माझा आजचा हिशेब २१८० चा आहे. वरचे ५२० म्हणजे काही फार नव्हे. एक भाकरी, मूठभर शेंगदाणे, एक केळं आणि चमचाभर तूप. घरात या चारही गोष्टी आहेत. त्या माझ्या तोंडापर्यंत पोहोचायला वेळ कुठून काढायचा, एवढाच प्रश्न आहे.

सहा

आज अंगणात कुरडया आहेत. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक मोठ्या पातेल्यात रटरटतोय. गल्लीतल्या दोघी-तिघी सोऱ्या घेऊन आल्या आहेत. चीक अर्धपारदर्शक होऊन उलथन्याला चिकटेनासा झाला की शिजला. या क्षणाची पोरं वर्षभर वाट बघतात, आणि खरं सांगायचं तर मीही. शेजारच्या काकूंनी वाटी भरली, मध्ये खळगा केला, त्यात तूप आणि साखर घालून वाटी माझ्या हातात दिली. "खाई ले, माय. दिवसभर तुले कोन देई?"

या एका वाटीनं सकाळचं ओझं केवढं हलकं केलं म्हणून सांगू. गरम, गुळगुळीत, चावायला नको; एका हातानं खाता येतं आणि दुसऱ्या हातानं डबा भरता येतो. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईचं अन्न एका हातानं खाता आलं पाहिजे. हे कुठल्याच आहारतक्त्यात लिहिलेलं नसतं.

पावणेसात

जळगावच्या कार्यालयाला निघण्याआधी मुलीला पाजायचं. दुसऱ्या बाजूचं दूध हातानं काढून स्टीलच्या छोट्या डबीत फ्रिजमध्ये ठेवायचं. काढलेलं दूध खोलीत चारेक तास टिकतं असं सांगतात, पण ती पंचवीस अंशांची खोली. आमच्या घरात आत्ताच तेहतीस असतील. म्हणून काढलं की थेट फ्रिजमध्ये, आणि तेही दारात नव्हे, आतल्या कप्प्यात. तिथं ते चार दिवस चांगलं राहतं. सासूबाई ते गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करतात आणि चांदीच्या बोंडल्यानं पाजतात. बाटलीला त्यांचा विरोध आहे आणि या बाबतीत डॉक्टरही त्यांच्याच बाजूचे आहेत. मधल्या वेळेला मुगाची खिचडी, नाचणीची पेज, मऊ केलेला भात. या तिच्या वरच्या खाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय. माझं कुणी लावलेलं नाही. मी स्वतःही नाही.

साडेसात, गाडी

पाचोरा ते जळगाव पन्नासेक किलोमीटर. परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली ही स्टेशनं एक्सप्रेसमधून नुसती सरकताना दिसतात. महिलांच्या डब्यात अपडाऊनवाल्यांच्या जागा ठरलेल्या. नर्स, शिक्षिका, बँकवाल्या, एक वकीलबाई. गाडीनं पाचोरा सोडलं की पिशव्यांतून डबे निघतात आणि एकमेकींकडे सरकतात. पातोडीची वडी, फोडणीची पोळी, कुणाच्या तरी माहेरच्या आखाजीच्या सांजोऱ्या. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नुकतीच झाली. खान्देशात सासुरवाशिणीनं आखाजीला माहेरी जायचं, झोके घ्यायचे, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खायची, अशी रीत आहे. मला यंदा एकच रात्र जमलं. पण त्या एका रात्रीत आईनं जे खाऊ घातलं ते बघता ही रीत कुणी पाडली असेल त्या बाईला पोषणशास्त्र नक्की कळत असावं.

डब्यातल्या एका नर्सताईंनी मला रजेवरून परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "दूध कमी झालंय असं वाटतं का?" मी हो म्हटलं. त्यांनी जे सांगितलं ते मी आता येईल त्या नव्या आईला सांगत असते. आई थोडी कमी जेवली तर दूध लगेच आटत नाही. शरीर लेकराचा वाटा आधी काढून ठेवतं आणि तूट आईच्या अंगातून भरतं. हाडांतलं कॅल्शियम, अंगावरचं मांस, डोळ्यांखालचा रंग. दूध कमी होतं ते बहुतेक वेळा छाती रिकामी न झाल्यामुळे. म्हणजे जेवायचं ते स्वतःसाठी आणि दूध काढायचं ते दुधासाठी. ही दोन वेगळी कामं आहेत. आपण मात्र दोन्हींचं खापर एकाच बाईच्या जेवणावर फोडतो. "तू नीट जेवत नाहीस म्हणून बाळाचं पोट भरत नाही," हे वाक्य ऐकलं की घास आणखीच घशात अडकतो.

अपडाऊन माझी मावशीही करायची. ती शेंदुर्णीच्या शाळेत शिक्षिका होती. पाचोऱ्याहून ती पीजेनं जायची. पाचोरा-जामनेरची ही छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. त्या गाडीची इतकी चेष्टा व्हायची, की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडावीत आणि पुन्हा चढावं. पण मावशी लेकराला मांडीवर घेऊन जायची, वाटेत दोनदा पाजायची, शाळेत वर्गाच्या मागे झोळी बांधायची. आमच्या गाड्या वेगवान आहेत आणि लेकरं घरी आहेत.

पावणेदहा

राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. दोन दिवस सुट्टी मिळते म्हणून तक्रार नाही. पण गाडीची वेळ धरली तर घराबाहेरचे तास बारा होतात, आणि बारा तास म्हणजे लेकराची तीन-चार पिणी. कार्यालयातल्या या पहिल्या तासात सांगण्यासारखं काही घडत नाही. हजेरी, टपाल, कूलरमध्ये पाणी आहे का ते बघणं.

साडेअकरा

आता छाती भरून येते. घड्याळ बघावं लागत नाही. समोर एखादी बाई कडेवर लेकरू घेऊन दाखल्यासाठी उभी असेल आणि ते लेकरू रडलं, तर पान्हा फुटतो. माझं आणि त्या लेकराचं काही नातं नसतं, पण शरीराला ते कोण समजावणार? पदर सारखा करत मी उठते.

आमच्या कार्यालयात त्यासाठी खोली नाही. रेकॉर्ड रूम आहे. कडी नीट लागत नाही म्हणून शिपाईमावशी बाहेर स्टुलावर बसतात. कुणी आलंच तर "आत बाई हाये, नंतर या," एवढंच म्हणतात. १९७० च्या दशकातल्या फेरफारांच्या गठ्ठ्यांमध्ये, लाल फडक्यांच्या गाठींसमोर, मी हाताचा पंप चालवते. वीस मिनिटांत शंभर-सव्वाशे मिलिलिटर निघतं. फोनवर मुलीचा व्हिडिओ लावला की लवकर निघतं. हा भाबडेपणा नाही. लेकराला बघितलं, त्याचा आवाज ऐकला की जे संप्रेरक स्रवतं त्यानंच दूध पुढं ढकललं जातं. घाई केली, बाहेर कुणी दार हलवलं, की तेच थांबतं.

डबी बर्फाच्या पॅकमध्ये जाते. चांगल्या बर्फाच्या डब्यात ते चोवीस तास टिकतं, मला संध्याकाळपर्यंतच हवं असतं. आणि दुसऱ्या हातात शेंगदाण्याचा लाडू. भाजलेले शेंगदाणे, गूळ, थोडे तीळ, वेलदोडा. एका लाडवात दीड-दोनशे कॅलरी सहज. त्या डबीतल्या दुधात ऐंशीएक कॅलरी आहेत, आणि ते तयार करायला शरीरानं शंभरेक खर्च केल्या. म्हणजे अर्ध्याहून जास्त लाडू तिथंच वसूल झाला. हा हिशेब मला आवडतो. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी करणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर काहीतरी जमा होताना दिसतं.

कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवलंय. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ दिला. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा सव्वीस आठवड्यांची केली, पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सांगितलं आणि तिथं दिवसातून चार वेळा जायची मुभा दिली. आमच्या राज्य सरकारी सेवेत रजा १८० दिवसांची. हे सगळं चांगलंच आहे. पण कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आई आणि लेकरू एकाच आवारात होते. गिरणीच्या फाटकाशी लेकरू घेऊन आजी उभी आहे आणि भोंगा झाला की आई बाहेर येते, असं काहीसं. अपडाऊनवाल्या आईचं लेकरू दुसऱ्या तालुक्यात असतं. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात आठ महिन्यांचं पोर गाडीतून रोज आणायचं, तेही पाळणाघर असलं तर, हे कुठल्या आजीला पटेल? तिला लागते ती कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची, हात धुवायला नळ, आणि फ्रिजमध्ये एक कप्पा. एसटीच्या स्थानकांवर आयांना पाजण्यासाठी हिरकणी कक्ष निघाले तेव्हा नाव अचूक निवडलं होतं. पण रायगडची हिरकणी घरच्या तान्ह्या लेकराकडे जायला कडा उतरली ती दरवाजे बंद झाले म्हणून, हेही लक्षात ठेवायला हवं. तिच्या धाडसाचं कौतुक आपण तीनशेहून जास्त वर्षं करतोय. दरवाजा थोडा वेळ उघडा ठेवायला काय हरकत होती, असं कुणी विचारत नाही.

दीड

जेवणाला अर्धा तास. डब्यात दोन भाकऱ्या, डाळगंडोरी, कांदा, ताकाची बाटली. उन्हाळ्यात या वेळेला घास उतरत नाही. तेलकट, तिखट तर नकोच. मग मी आधी ताक पिते, मीठ-जिऱ्याचं, आणि भाकरी त्यात कुस्करते. कुस्करलेली भाकरी चावत बसावं लागत नाही, निम्म्या वेळात संपते. डाळीवर घरून आणलेलं तूप. टेबलावरच्या बाकीच्या जणी डाएटवर आहेत. "तुझं बरंय बाई, तुला खायला निमित्त आहे," एक म्हणते. दुसरी विचारते, "पण पोट कधी कमी करणार?" दोघीही प्रेमानं बोलतात. मी तिसरी भाकरी मागायची राहते.

मग केळं. या केळ्यावरून घरात मोठा वाद झालेला आहे. बाळंतिणीनं केळं खाल्लं की लेकराला सर्दी होते, असं आमच्याकडे पक्कं मानतात. ज्या जिल्ह्यातून, रावेर-सावद्याहून, केळीचे रेल्वेचे रेकच्या रेक दिल्लीला जातात, जिथल्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, तिथं लेकुरवाळीला केळं वर्ज्य! आईनं केळं खाल्ल्यानं लेकराला सर्दी होत नाही, सर्दी विषाणूनं होते. वांग्याचंही तसंच. हिवाळ्यात गल्लीत भरीत-पार्ट्या झडत होत्या, थेट जळगावच्या मेहरूण तळ्यापर्यंत भाजलेल्या वांग्याचा वास येत असेल, आणि मला मात्र "वातूळ आहे, लेकराचं पोट दुखेल." वर्ज्य करायची यादी लांबलचक आणि वाढायची यादी सव्वा महिन्यात संपलेली. जेवण कमी पडतं ते अशानंही. केळं आता मी कार्यालयातच खाते. शंभर कॅलरींचा चोरटा व्यवहार. सासूबाईंना ठाऊक आहे, हेही मला ठाऊक आहे.

साडेतीन

पुन्हा रेकॉर्ड रूम, पुन्हा लाडू. मग सगळे चहा-बिस्किटं घेतात. चहानं भूक मारली जाते आणि जेवणाला लागून घेतला तर अन्नातलं लोहही नीट लागत नाही, म्हणून मी या वेळेला कैरीचं पन्हं पिते. पाणी मात्र तहान लागेल तसंच. "तांब्याभर पाणी पी, दूध येतं" म्हणतात, तसं काही नसतं. जास्तीचं पाणी जिथं जायचं तिथंच जातं, आणि आमच्या कार्यालयातलं स्वच्छतागृह जिन्याखाली आहे, पुढचं काय सांगू. कितीतरी नोकरदार बाया त्या जिन्याच्या धास्तीनं दिवसभर पाणीच पीत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला ही काटकसर महागात पडते.

सव्वासहा

कार्यालय सुटतं. जळगाव स्टेशनवर गाडी उशिरा आहे. असतेच. पिशवीत फुटाणे आणि गुळाचा खडा आहे. फलाटावर उभं राहून बाईनं फुटाणे खाणं आमच्याकडे अजून थोडं विचित्र दिसतं, पुरुषानं वडापाव खाल्ला तर दिसत नाही. मी खाते.

आठ

उंबऱ्यात पाय ठेवायचा अवकाश, मुलगी दोन्ही हात पसरते. हातपाय धुते आणि बसते. ती पीत असताना मला अशी तहान-भूक लागते की बोलवत नाही. पूर्वी काय व्हायचं? ती पिऊन झोपायची, मग मी उठायची, घरातल्या पुरुषमाणसांचं वाढायची, मग सासूबाई आणि मी बसायचो. तोवर साडेनऊ व्हायचे, भूक मरून गेलेली असायची आणि पातेल्यात खालची भाजी उरलेली. दिवसभरात जमवलेलं या एका तासात घालवायचे.

हे बदललं ते माझ्या युक्तिवादानं नाही. एका संध्याकाळी पाजता पाजता मला घेरी आली. त्यानंतर सासूबाईंनी काही न बोलता ताट वाढलं आणि माझ्या शेजारी आणून ठेवलं. मुलगी पदराखाली आणि माझ्या उजव्या हाताशी ताट. वरण-भात कालवलेला, तूप वरून. "आधी तू," म्हणाल्या. नवऱ्यानं त्या दिवशी स्वतः वाढून घेतलं, आणि आता रोजच घेतो. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळेला आम्ही चुलीपाशी वाकून, वाढता वाढता दोन घास टाकायचो तोंडात. कुणाला दिसू नये म्हणून." त्यांनी चार लेकरं अशी वाढवली. त्यांच्या गुडघ्यांच्या दुखण्याकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते.

रात्री दोन

दूध वाढवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. नोकरी करणाऱ्या आईची लेकरं दिवसाची कसर रात्री भरून काढतात ते उगाच नाही. उशाशी पाण्याचा तांब्या आणि स्टीलचा डबा असतो. अंधारात झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून त्याखाली फडकं. आत शेंगदाण्याचे दोन लाडू. सव्वा महिन्यानंतर फळीवर गेलेला तोच डबा. मागच्या महिन्यात मीच खाली काढला.

तुमच्या घरात कुणी लेकुरवाळी असेल तर तो डबा वर्षभर भरता ठेवा. अर्धा किलो भाजलेले शेंगदाणे, पाव किलोपेक्षा थोडा जास्त गूळ, मूठभर तीळ. वळायला अर्धा तास लागतो. आणि तुमच्या कार्यालयात कुणी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली असेल, तर साडेअकराला तिच्या टेबलावर फाइल नेऊ नका. त्याऐवजी रेकॉर्ड रूमची कडी दुरुस्त करून घ्या.